मांजर मेलं तर कोणाचं नुकसान?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा मुळात कॉम्प्युटरवरचा गेम नाही, हे आधीच सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याचा ‘क्लास’ ठरवायचा : लढवय्या, जादूगार, चोर वगैरे. (या क्लासला अटेंडन्स लागत नाही!) काही क्लासना सोबत एक प्राणी मिळतो. नवख्याला वाटतं, तो शोभेपुरता. पण प्राणी मेल्यावर मालकाला काय भरावं लागतं, यावर त्या क्लासचा स्वभाव ठरतो.

२००३ ची ३.५ आवृत्ती घ्या. त्यात ड्रुइड म्हणजे निसर्गाला मानणारा पुजारी. त्याला पहिल्याच लेव्हलला लांडगा घेता येतो. लांडग्याचे हिट पॉइंट्स, म्हणजे मार सोसायची ताकद, साधारण १३. शेजारी उभ्या लढवय्याचे मूळ १०, अंगात दम असला तर वर दोन-तीन. म्हणजे एकाचं जनावर दुसऱ्याच्या पात्राच्या तोडीस तोड! शिवाय चावा बसला की लांडगा शत्रूला खाली पाडू शकतो. आणि मेला तर? ड्रुइडने सलग २४ तास प्रार्थना करायची, दुसरा हजर. साहजिकच ड्रुइडवाले लांडग्याला बिनधास्त पुढे ढकलतात.

जादूगाराचं गणित अगदी उलटं. १०० सोन्याची नाणी आणि एक पूर्ण दिवस खर्चून तो मांजर, घुबड किंवा डोमकावळा मिळवतो. मांजरामुळे चोरपावलांनी चालायला ३ गुण जास्त मिळतात, डोमकावळा चक्क एक भाषा बोलतो. पण प्राण्याचे हिट पॉइंट्स मालकाच्या निम्मे. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे मूळ ४, म्हणजे मांजराचे २! ते मेलं की जादूगाराचे प्रत्येक लेव्हलमागे २०० अनुभवगुण जातात (फासा चांगला पडला तर निम्मे). पाचव्या लेव्हलला १०००, आणि सहावी गाठायला लागतात ५०००. वर एक वर्ष आणि एक दिवस दुसरा प्राणी नाही. मग लढाई सुरू झाली की मांजर झोळीत. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण जर्नल जपतो ना, तसं.

सर्वात वाईट डिझाइन माझ्या मते रेंजरचं. त्याचा लांडगा चौथ्या लेव्हलला येतो, तोही निम्म्या लेव्हलच्या ड्रुइडसारखा. दहाव्या लेव्हलला ड्रुइडच्या लांडग्याच्या जिवाचे ८ फासे, रेंजरच्या ४. शत्रू मात्र दोघांना सारखेच. एका फटक्यात खेळ खलास.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत जादूगाराची भीतीच गेली. प्राणी हा आत्मा, मेला की नुसता गायब होतो. १० नाण्यांचं सामान आणि तासाभराचा मंत्र, की परत. रेंजरची मात्र पंचाईत झाली. सुरुवातीच्या लेव्हल्सना लांडगा चावायचा तर रेंजरने स्वतःचा वार सोडायचा. नियम कद्रू वाटतो, पण कारण आहे. दोघांनी वार केला तर एकाच खेळाडूचे दोन डाव होतात आणि बाकीचे जांभया देत बसतात. २०२० मध्ये ‘टाशाज् कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने तडजोड काढली. प्राण्याला हुकूम द्यायला फक्त छोटी, जादाची कृती लागते, आणि मेल्यावर तासाभरात एक मंत्र खर्चून त्याला उठवता येतं.

हॉस्टेलवर पहिल्यांदा खेळणार असाल तर हाच रेंजर घ्या. जुन्या आवृत्तीतला ड्रुइडच हवा असेल, तर लांडग्याचे फासे शेजारच्या लढवय्याला टाकायला द्या. त्यालाही काहीतरी काम मिळेल.