नकाशातील बिंदू योग्य जागी कसे न्यावेत?

जागेचे नकाशे हल्ली संगणकावर ऑटोकॅडसारख्या साधनाने काढतात. आधारबिंदूचे निर्देशक चुकीचे होते असे मागाहून कळले, तर सारी मोजणी वाया जाते काय? नाही. संस्थेची जमीन सांभाळणाऱ्यांस त्यामागील गणित ठाऊक असलेले बरे.

समजा, ‘अ’ बिंदू पूर्वेस १०००.०० व उत्तरेस २०००.०० मीटर मांडला होता; दुरुस्त आकडे १००२.३५ व १९९८.८० आले. म्हणजे पूर्वेस २.३५ अधिक, उत्तरेस १.२० उणे. मूळ नकाशाची प्रत राखून ‘मूव्ह’ आज्ञेने सर्व बिंदू एकदम तेवढेच सरकवावेत. ‘ब’ १०४०.००, २०३०.०० वरून १०४२.३५, २०२८.८० वर जाईल. त्याचे दुरुस्त आकडेही हेच असल्यास काम झाले. आकडे निराळे, पण अ-ब अंतर पूर्वीचेच ५० मीटर असेल, तर दिशा चुकली आहे. ‘अ’ स्थिर धरून नकाशा फिरवावा.

अंतरच ठळकपणे जुळत नसेल तर? ‘अलाइन’ आज्ञा प्रमाण बदलू का, असे विचारते. ‘होय’ म्हटल्यास दोन्ही बिंदू चपखल बसतात. पण चूक दडते आणि शेजाऱ्याची जमीन आपल्या कुंपणात येऊ शकते. तेथे ‘नाही’ म्हणून पुन्हा मोजणी करावी. पडताळ्यासाठी तिसरा बिंदू राखावा. तोही जुळला तरच नकाशावर सही करावी.