आठव्या वर्षी फ्रेंच : एका प्रयोगाचा धडा

परकी भाषा मुलांना कोणत्या वयापासून शिकवावी, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले तेव्हा तो रंगला आणि २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या निमित्ताने तो पुन्हा पेटला. या वादात ‘लहानपणी भाषा लवकर येते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. इंग्लंडने मात्र दहा वर्षे खर्ची घालून ते पारखून पाहिले. त्या प्रयोगाची ओळख करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रयोगाचे स्वरूप

पूर्वी इंग्लंडमध्ये फ्रेंच साधारणतः अकराव्या वर्षी, माध्यमिक शाळेत सुरू होई. १९६४ पासून निवडक प्राथमिक शाळांत ते आठव्या वर्षी सुरू करण्यात आले. नफील्ड प्रतिष्ठानने त्यासाठी ‘आँ आव्हाँ’ हा पाठ्यक्रम तयार केला. सुरुवातीस मुलांच्या हाती पुस्तक नसे. ध्वनिफीत ऐकायची, चित्रे पाहायची, ऐकलेले बोलायचे, वाचन-लेखन मागाहून. शिकवणारे बहुधा नेहमीचे वर्गशिक्षकच असत. सुमारे १८,००० मुलांची प्रगती एका शैक्षणिक संशोधन संस्थेने वर्षानुवर्षे तपासली. क्लेअर बर्स्टॉल या संशोधिकेने सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये अंतिम अहवाल प्रसिद्ध केला.

निष्कर्ष

आठव्या वर्षी सुरुवात केलेली मुले आणि अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुले यांची सोळाव्या वर्षी तुलना केली, तेव्हा पहिल्या गटाची आघाडी केवळ ऐकून समजण्यात उरली होती. बोलणे, वाचणे, लिहिणे यांत तीन वर्षे आधी सुरुवात केल्याचा ठळक लाभ दिसला नाही.

असे का व्हावे? मोठे मूल भाषेचे नियम चटकन पकडते, हे एक कारण. दुसरे कारण व्यवस्थेतले आहे. माध्यमिक शाळेत अनेकदा ही मुले नवशिक्यांबरोबर एकाच वर्गात बसत आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पेरले, उगवले, पण पुढे पाणी कोणी घालायचे, हे ठरलेच नव्हते. अहवालावर पुढे टीकाही झाली. मुलांना लाभलेला आनंद आणि भाषेविषयीची आपुलकी गुणांत मोजता येत नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते. तेही मला रास्त वाटते.

लहान शाळांचे आश्चर्य

मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो वेगळाच निष्कर्ष. पालकांचा व्यवसाय वरच्या दर्जाचा असेल तर मुलाला गुण अधिक, असे सर्वसाधारण चित्र होते. पण खेड्यातील लहान शाळा त्याला अपवाद ठरल्या. तेथे कष्टकऱ्यांची मुलेही सुखवस्तू घरच्या मुलांच्या बरोबरीने गुण मिळवीत. अशा शाळांत चढाओढीपेक्षा सहकार्याचे वातावरण असते आणि मुलाला आरंभापासून उत्तेजन मिळते, असा संशोधकांनी त्याचा अर्थ लावला. आरंभीच यश मिळाले की गोडी लागते, आणि गोडीतून पुढचे यश येते.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे प्राथमिक शिक्षण दोनशिक्षकी शाळेत झाले. एकाच खोलीत दोन इयत्ता बसत. वरच्या वर्गातली मुले खालच्यांकडून इंग्रजी शब्द म्हणवून घेत. गावात याला शाळेचे उणेपण मानीत. हा निष्कर्ष वाचल्यावर त्याच गोष्टीकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागले. कमी पटाच्या शाळांचे काय करावे, याची चर्चा करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

समारोप

इंग्लंडने प्राथमिक शाळेतील परकी भाषा कायमची सोडली नाही. २०१४ पासून तेथे सात ते अकरा वर्षे वयाच्या मुलांना ती सक्तीची झाली असून, बहुतेक शाळा फ्रेंचच निवडतात. यावरून मला एवढेच म्हणावेसे वाटते, की ‘कितव्या वर्षी?’ हा प्रश्न एकटा विचारून भागत नाही. शिकवणाऱ्याला ती भाषा येते का, पुढच्या शाळेला मागचे ठाऊक आहे का, आणि ज्याच्या घरी ती भाषा कोणालाच येत नाही त्या मुलाला वर्गात धीर कोण देतो, हे प्रश्न आधी सुटले पाहिजेत. ते सुटले तर पहिलीही चालेल, पाचवीही चालेल.

— द्वितीय वर्ष कला