पॉइंट टू-टू घ्यावी का?

प्रश्न : हौसेखातर नेमबाजी करायची आहे. कोणती पॉइंट टू-टू रायफल घ्यावी?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटरचं कांस्य याच काडतुसावर मिळवलं. धक्का नाममात्र, त्यामुळे हौशी हाताला ती सोयीची. घ्यायचीच तर बोल्ट-ॲक्शन घ्या. दस्त्यावर गाल टेकला की डोळा आपसूक माशीच्या रेषेत यायला हवा. मान वाकडी करावी लागली तर ती रायफल तुमची नव्हे, दुकानदार काहीही म्हणो! मात्र तिला शस्त्रपरवाना लागतो. कोगनोळी ओलांडली की राज्य बदलतं, तेव्हा सरावाला कोल्हापूरला नेणार असाल तर परवान्यावरची क्षेत्रमर्यादा आधी वाचा. माझं मत विचाराल, तर पहिलं वर्ष 10 मीटरवर पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन एअर रायफलच चालवा.