हातात कादंबरी असलेली मुलगी रिकामी नसते

दरवर्षी जूनमध्ये आमच्या इंग्रजी साहित्याच्या बी.ए.च्या प्रवेशाच्या वेळी कुणी ना कुणी पालक विचारतातच, "मॅडम, तीन वर्षांत पोरगी फाडफाड इंग्रजी बोलेल ना?" मी खरं तेच सांगते. तेवढ्यासाठी बी.ए. करायची गरज नाही, बोलण्याचा एखादा चांगला क्लास पुरे. आमच्याकडे मुलं वाचायला शिकतात. लेखकानं हाच शब्द का घेतला, हे पात्र खोटं बोलतंय का आणि बोलत असेल तर ते पानावर कुठे दिसतं, हे शोधायला शिकतात. बोलणं त्यातून येतं, पण सावकाश.

चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही 1958 सालची कादंबरी मी शिकवते. त्यात नायकाचा बाप कर्जबाजारी असतो. उधारी मागायला आलेल्या शेजाऱ्याला तो भिंतीवर खडूनं ओढलेल्या रेषा दाखवतो आणि म्हणतो, आधी मोठी कर्जं फेडीन, मग तुझं. एकदा हे वाचताना वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे उधारी कॅलेंडरवर लिहितात." वर्षभरात ती पहिल्यांदाच वर्गात बोलली होती, तेही मराठीत. तिच्या पुस्तकात जूनच्या पानांवर प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेला होता. दिवाळीनंतरच्या पानांवर एका पानाला चार-पाचच. ही प्रगती गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

पोटापाण्याचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. नुसत्या बी.ए.वर लगेच नोकरी लागेल असं मी म्हणणार नाही. शाळेत शिकवायचं तर बी.एड. हवं, महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला इंग्रजी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो. भाषांतर, संपादन, सबटायटल्स अशी कामंही असतात. पण ज्याला वाचनाचा मनापासून कंटाळा आहे, त्याला केवळ दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून इथे पाठवू नका. त्याचे हाल होतात.

आणि इंग्रजी शिकून मूल मराठीला परकं होईल, ही भीती सोडा. आगरकरांनी 1883 मध्ये 'हॅम्लेट' मराठीत आणलं. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते, त्यांनी 'किंग लिअर'चा मराठी अनुवाद केला. 'कोसला' लिहिणारे नेमाडेही इंग्रजीच शिकवत.

आता माझं एक मागणं. आपल्या घरांत मुलगी पुस्तक घेऊन बसली की ती रिकामी आहे असंच धरतात. "बसलीच आहेस तर भाजी निवड," "जरा दळण घेऊन ये." इंजिनिअरिंगचा मुलगा गणितं सोडवत असला तर त्याला कुणी उठवत नाही. माझ्या विद्यार्थिनीचा अभ्यास म्हणजे तिच्या हातातली कादंबरीच आहे, परक्या भाषेतली. तिला एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन द्या. आणि रोज संध्याकाळी दोन तास तिला हाक मारू नका.