सांधा खरंच बदलला का?

"गाडी रिमोटवर पळते ते कळलं. इंजिनात मोटार असते. पण सांधा रिमोटवर कसा बदलतो?" भाचीने विचारलं. कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये तिने सिग्नल, दिवे, रोपवे असं सगळं डोळे भरून पाहिलं होतं. १९९८ साली सुरू झालेलं हे म्युझियम पाहून आलेल्या मुलांना असे प्रश्न पडतातच.

मामा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी १६.५ मिलिमीटर रुंदीचे, एचओ मापाच्या मॉडेलचे रूळ ठोकलेली प्लाय एका बाजूने उचलली. खाली बोटभर लांबीचं एक सोलेनॉइड होतं. दोन कॉइल, त्यांतून सरकणारा लोखंडी दांडा आणि तीन वायरी.

"ही वायर दोन्ही कॉइलना सामाईक. या कॉइलला वीज दिली की दांडा इकडे खेचला जातो, त्या कॉइलला दिली की तिकडे. दांड्यावरची पिन सांध्याच्या पात्या हलवते."

"वीज चालूच राहिली तर?"

"कॉइल जळते. तिला क्षणभराचाच झटका हवा, पण तो जोरकस हवा. म्हणून कॅपॅसिटर आधी भरून ठेवायचा आणि एका दमात रिकामा करायचा. बटण अडकलं तरी कॉइल वाचते."

बटणाच्या जागी आता संदेश ओळखून कॉइलला झटका देणारा डिकोडर आला आहे. त्याला संदेश पाठवणारी डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) ही पद्धत जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने विकसित केली आणि अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात ती मानक म्हणून स्वीकारली. त्यामुळे एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या डिकोडरशी बोलू शकतो. या पद्धतीत रुळांवरची वीज सतत उलटसुलट होत राहते आणि त्या उलटण्याच्या वेळेतच संदेश असतो. वीज एका बाजूला ५८ मायक्रोसेकंद राहिली तर एक, सुमारे १०० किंवा जास्त राहिली तर शून्य. हाक सगळ्यांना ऐकू जाते, ज्याचा पत्ता असेल तोच ओ देतो.

"इंजिनाचा नंबर ३ आणि सांध्याचाही ३ असेल तर?"

"काही गोंधळ होत नाही. संदेशाचा पहिला बाइट १२८ ते १९१ मध्ये असला, की तो सांधे-सिग्नलांसाठी. इंजिन त्याकडे लक्षच देत नाही."

हे सगळं फोनवरून चालवणं त्या मानाने सोपं. रोकोच्या झेड२१ला किंवा आर्डुइनोवर चालणाऱ्या डीसीसी-ईएक्सला, म्हणजे कमांड स्टेशनला, वायफाय जोडलं, की ॲपमधूनच सांध्याची आज्ञा देता येते. आज्ञा रुळांपर्यंत पोचवायचं काम शेवटी कमांड स्टेशनच करतं.

भाचीने डिकोडरच्या दोन वायरी जवळच्या रुळाला लावायला घेतल्या. संदेशही रुळात, वीजही रुळात, मग वेगळी वायर ओढायची कशाला? मामांनी तिचा हात थांबवला.

"समज, सांधा उलट लागलेला आहे आणि इंजिन तसंच आत शिरलं. धातूची चाकं चुकीच्या ठिकाणी टेकतात, शॉर्ट होतो, रुळांना वीज पुरवणारा बूस्टर ती तोडतो. आता काय करशील?"

"सांधा सरळ करीन."

"कसा? डिकोडरचीही वीज त्याच रुळातून येतेय ना!"

नवख्यांचं इथेच अडतं. इंजिन हाताने उचलल्याशिवाय सुटका नसते. सांध्यांच्या डिकोडरना वेगळ्या बूस्टरवरून वायर ओढली, की रूळ बंद पडले तरी सांधे चालू राहतात. थोडी जास्त वायर लागते, पण मांडणी मोठी होण्याआधीच ती ओढून घ्यावी.

फोनवर सांध्याचं चित्र बदललं. भाची खूश झाली.

"सांधा बदलला!"

"आज्ञा गेली, एवढंच फोनला ठाऊक आहे. पात्यांत खडीचा एक दाणा अडकला असेल तरी चित्र बदलेलच." खऱ्या रेल्वेत सांध्याच्या पात्या नीट चिकटून बसल्याची खूण मिळेपर्यंत सिग्नल पिवळा-हिरवा होत नाही. मामांनी तीच शिस्त इथे आणली आहे. दांड्याजवळचा छोटा स्विच पात्यांची जागा कळवतो, त्यानंतरच सिग्नलच्या डिकोडरला आज्ञा जाते.

हॅम्बुर्गचं मिनियाटूर वुंडरलांड २००१पासून लोकांना आपल्या गाड्या दाखवतं आहे. तिथल्या गाड्या संगणक सांभाळतात. संगणकाला गाडी कुठे आहे ते कळावं, म्हणून रुळांचे तुकडे एकमेकांपासून विजेने वेगळे करतात आणि कोणत्या तुकड्यात करंट वाहतो ते पाहतात. घरच्या मांडणीतही हेच तंत्र वापरता येतं.

"पण डब्यात मोटार नसते," भाची म्हणाली. "शेवटचा डबा सुटून सांध्यावर राहिला तर?"

मामा खुलले. खऱ्या गाडीचा पोलादी आस दोन्ही रूळ जोडतो, म्हणून सुटा डबाही ट्रॅक सर्किटला कळतो. मॉडेलमध्ये तसं केलं तर शॉर्टच होईल, म्हणून चाकं एकमेकांपासून विजेने वेगळी केलेली असतात. त्यांनी डबीतून मोहरीएवढा १० किलोओहमचा रेझिस्टर काढला, आसावर चिकटवला आणि दोन्ही टोकांपासून चाकांपर्यंत विद्युतवाहक रंगाची बारीक रेघ ओढली. रंग सुकल्यावर डबा रुळावर ठेवला तेव्हा मिलिअँपिअरभर करंट वाहू लागला आणि पॅनेलवर त्या तुकड्याचा लाल दिवा लागला.