गाडीखालचा डाग काय सांगतो?



पाड्यांवरच्या कामासाठी बहुधा जुनी, वापरलेली जीपच आपल्या वाट्याला येते. आजारी माणूस गाडीत असताना ती घाटात बंद पडू नये, म्हणून मी आदल्या रात्री एक सोपी तपासणी करतो. गाडी सपाट जागी लावून खाली कोरा पुठ्ठा पसरतो. सकाळी डागाची जागा, रंग आणि वास पाहतो.

इंजिनाखाली काळा-तपकिरी, बुळबुळीत डाग असेल तर तो इंजिन ऑइलचा. रेडिएटरजवळ हिरवा किंवा गुलाबी, गोडसर वासाचा डाग कूलंटचा. मागच्या ॲक्सलखाली दाट, उग्र वासाचे तेल डिफरन्शियलचे. एसी चालवल्यावर ठिबकणारे स्वच्छ पाणी मात्र काळजीचे नाही.

चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळसर ओल दिसली किंवा ब्रेकचे पेडल खोल गेले, तर गाडी हलवायची नाही. नुसते ब्रेक ऑइल भरून घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळ.

काही दोष पुठ्ठ्यावर उमटत नाहीत. कूलंट सारखे घटते, धूर पांढरा येतो किंवा ऑइल दुधाळ दिसते, तेव्हा हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

पुठ्ठ्यावर तारीख घालून तो मेकॅनिकला दाखवावा. जुनी गाडी दान देणाऱ्यांनीही ही तपासणी आधी करावी. दुरुस्तीचा खर्च आधीच कळला, तर पुढे काम अडत नाही.