‘येईल हो!’ ऐकून थांबू नका

मुलीचा वरचा उजवा पटाशीचा दात येऊन वर्ष उलटलं, डावीकडचा नाहीच. त्याच्या शेजारचा बारका दातसुद्धा आधी बाहेर पडला. तरी आमचे दाताचे डॉक्टर दर खेपेला तोंडात आरसा घालून हसायचे, “येईल हो! तुम्ही आया फार गूगल करता.” एक्स-रेचं विचारलं की लहान मुलांना उगाच रेडिएशन नको. मग दुधाचा दात उपटला, तोही एक्स-रेशिवाय. पैसे मात्र न विसरता घेतले.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत छोटी फिल्म काढली. दात वर अडकलेला आणि त्याच्या वाटेत तांदळाच्या कण्यांसारखा पांढरा पुंजका. “ओडोन्टोमा. गाठ आहे, पण कॅन्सरची नव्हे. दात घडताना गडबड होऊन हे बारीक बारीक दात तयार झालेत,” त्या म्हणाल्या. घाबरायचं मला नंतर सुचलं, आधी संताप आला. एवढ्याशा फिल्मसाठी वर्ष?

तेव्हा, जोडीचा दात सहा महिन्यांत आला नाही किंवा येण्याचा क्रम उलटला, तर एक्स-रे मागाच. वरच्या सुळ्याचा उंचवटा दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीवर चाचपून बघायला सांगा. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, सरसकट लागत नाही. दात नेमका कुठे आहे, शेजारच्या मुळाला धक्का बसतोय का, हे साध्या फिल्मवर कळेना तर लागतो.

ऑपरेशनच्या आधी ऑर्थोडॉन्टिस्टला भेटा. गाठ काढणारा आणि तारा लावणारा यांचं आधी बोलणं झालेलं हवं. अडथळा गेल्यावर काही दात, विशेषतः मूळ पूर्ण झालं नसेल तर, आपणहून उतरतात. आमचा फार वर होता, म्हणून गाठ काढली त्याच भुलीत दातावर बटण चिकटवून बारीक साखळी बाहेर काढली. आता तो तारेने हळूहळू खाली येतोय. यात महिनोन्‌महिने जातात, धीर धरा. काढलेली गाठ तपासणीला पाठवली का ते विचारा. पूर्ण निघाली तर ती सहसा पुन्हा होत नाही.

शंका आली तर दुसरं मत घ्या, हे सगळेच सांगतात. मी सांगते, कागदपत्रंही मागून घ्या. आमची फाइल मागायला गेले तर पहिले डॉक्टर म्हणाले, “मी म्हटलंच होतं ना, दात आहे आत!” फाइलमध्ये पावत्यांखेरीज काही नव्हतं.